रिपोर्ट न काढणारा डॉक्टर

"ते रबर सोडा आधी," वाल्मिक म्हणाला.

सिस्टरने मान वर केली. चंचलच्या दंडाला तिने रबर आवळलं होतं, त्याखाली निळी शीर टपोरी दिसत होती, आणि सिरिंज हातात तयार होती. "शुं थयुं भाई? रिपोर्ट तो काढवा पडे."

"कशाकशाचे?"

"बधा. शुगर, कमळो, एचआयव्ही... अमे तो बधी बेनोना काढीए."

शुगर, कावीळ, एचआयव्ही, सगळ्याच बायकांचे काढतो, असं ती म्हणत होती. चंचलला गुजराती धड कळत नव्हतं. सुरतेत येऊन तिला वर्ष-दीड वर्षच झालं होतं. ती भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत होती, म्हणजे सुई दिसायला नको. आपल्या रक्तात काय शोधणार आहेत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे तिलाही माहीत नव्हतं.

वाल्मिकने पुढे होऊन स्वतःच रबर सोडलं. "आम्हाला नाही काढायचे."

आवाज ऐकून आतून डॉक्टर मॅडम आल्या. रिपोर्ट नसतील तर मी पेशंटला हात लावणार नाही, दुसरा दवाखाना बघा, एवढं बोलून त्या परत गेल्या. त्यांनी का नको हे विचारलं नाही. वाल्मिकने चंचलला मनगटाला धरून उठवलं आणि बाकांवर बसलेल्या बायकांच्या नजरांतून बाहेर आणलं.

"काय जयं ओ? कसाले उठाडं माले?" रस्त्यावर येताच चंचलने तिच्या अहिराणीत विचारलं.

"लुटाना धंदा शे सगळा. गरज नही तरी रक्त काढतस."

तिला ते पटलं. नवरा म्हणतोय म्हणजे तसंच असेल. तिसरा महिना होता, उन्हात तिला मळमळत होतं. अमरोलीच्या नाक्यावर त्याने तिला उसाचा रस पाजला. ती ग्लास तोंडाला लावून डोळे मिटून पीत होती तेव्हा तिच्याकडे बघणं त्याला जड गेलं.

वाल्मिक पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर होता. शिंदखेड्याकडचं गाव, बारावीपर्यंत शाळा, मग मामाचं बोट धरून सुरत. लग्न झालं तेव्हा तो मिलमधल्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचा, म्हणून चंचल आधी गावाला सासूजवळच राहिली. त्याच काळात त्याला खोकला लागला. अंगातलं मांस उतरलं. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, आणि टीबीच्या प्रत्येक रोग्याचं रक्त तपासतात तसं त्याचंही तपासलं. एचआयव्ही निघाला. लग्नाआधी सुरतेत एकट्याने काढलेल्या वर्षांतलं होतं ते. कुठून आणला हे त्याला ठाऊक होतं, नक्की कधी तेवढं सांगता आलं नसतं.

तिथल्या समुपदेशक सुवर्णाबेन धुळ्याच्या. त्यांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं. गोळ्या रोज घेतल्या तर म्हातारा होशील, म्हणाल्या. बायकोला घेऊन ये, तिचंही रक्त बघू. "आणतो," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून दर खेपेला तो "आणतो" असंच म्हणत आला होता.

टीबी बरा झाला. त्याने कोसाडच्या आवासात, सरकारी घरांच्या वसाहतीत, खोली घेतली, आई शोभाबाई आणि चंचल गावाहून आल्या. गोळ्यांची बाटली तो मिलच्या लॉकरमध्ये ठेवायचा. पहिले काही महिने त्याने निरोध वापरून सांभाळलं, इतक्यात पोर नको म्हणून चंचलला समजावलं. पण शोभाबाईच्या तोंडाला कोण समजावणार? लग्नाला तीन वर्षं झाली, शेजारणीच्या सुनेचं दुसरं पोर चालायला लागलं. "वांझ जमीन सालदाराले बी नको ऱ्हास," असं त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, आणि चंचल भांडी घासायचं निमित्त करून मोरीत बसून राहायची. शेवटी वाल्मिकने सांभाळणं सोडलं. गोळ्या चालू आहेत, काही होत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. मात्र दिवाळीत मिल बंद होती, गावाकडे चुलतभावाचं लग्न होतं, आणि तेव्हा बाटली लॉकरमध्येच राहिली होती. हे तो स्वतःला सांगायचा नाही.

आता तो डॉक्टर शोधत होता. एका दवाखान्यात चंचलला न नेता आधी काउंटरवरच विचारून घेतलं. तिथेही सगळे रिपोर्ट सक्तीचे. आवासात फिरणारी आरोग्यसेविका, आशाबेन, दोनदा घरी आली, सरकारी दवाखान्यात नाव घाला म्हणाली. आमचं खाजगीत चालू आहे, असं सांगून त्याने तिला दारातून परत पाठवलं.

मिलमध्ये त्याच्या शेजारच्या मशीनवर गोपाल होता, परभणीकडचा. जेवायच्या सुट्टीत वाल्मिकने सहज म्हणून विषय काढला.

"अरे, दादा डॉक्टरकडं ने की," गोपाल म्हणाला. "माझी तिन्ही लेकरं त्यांच्याच हातची. उगं रक्त काढ, हे काढ, ते काढ, असलं काही नाही त्यांच्याकडं. पोट बघत्यात, गोळ्या देत्यात. देवमाणूस."

दादा डॉक्टर सत्तरीचे होते. गुजरातीत आजोबाला दादा म्हणतात, वस्तीत सगळे त्यांना तीच हाक मारत. खानदेशी पेशंट पाहून पाहून त्यांचं मराठी एक वेगळंच झालं होतं. चंचल दारातून आली तसे ते उठले, "ये बेटा, पंख्याखाली बस" म्हणाले, आणि तिने दिलेला हात त्यांनी बराच वेळ नाडीवर धरून ठेवला. गाव कुठलं, माहेरी कोण आहे, काय खावंसं वाटतं, एवढं सगळं तिला आजवर कोणत्याच डॉक्टरने विचारलं नव्हतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. ती बोलायला लागली ती थांबेचना.

उठताना वाल्मिकने विचारलं, "रिपोर्ट वगैरे काही?"

"शाना रिपोर्ट? हिमोग्लोबिन डोळ्यात दिसते. बाकी ते एचआयव्ही ने फलाणुं, ते तर ट्रकवाला लोक, बाहेर जाणारा लोक, त्यांच्यासाठी. तुम्ही घरगुती माणसं." त्यांनी वाल्मिकच्या खांद्यावर थाप दिली. "माणूस दारातून आत आला ने, मला समजून जाते कसा आहे ते. चाळीस वरस झाले."

वाल्मिक हसला. बाहेर येऊन तो पायऱ्या उतरला. त्याला हवा होता तोच डॉक्टर त्याला मिळाला होता. इतके दिवस मनाच्या तळाशी कुठेतरी त्याला वाटत होतं की शोधून शोधून कोणीच असा सापडणार नाही, कोणीतरी आपल्याला अडवेल, चंचलचं रक्त काढेल आणि जे व्हायचं ते आपल्या हातून न होता होऊन जाईल. आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

"बेस डॉक्टर शे," चंचल म्हणाली. "आठेच येत जाऊ." इथेच यायचं हे तिने ठरवून टाकलं होतं.

महिने सरले. चंचलच्या गालांवर तुकतुकी आली. दादा डॉक्टर तिच्या पोटावर नळी लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "घोडा दौडते आहे बेटा, घोडा!" घरी येऊन ती त्यांची नक्कल करायची. तिने त्यांच्यासाठी ज्वारीचे बिबडे, गावाकडचे पापड, भाजून नेले. पिशवीत बिबड्यांचा चुरा झाला तरी त्यांनी तिच्यासमोर बसून खाल्ला. शोभाबाईसुद्धा आता तिला पाट उचलू देत नव्हत्या. घरात सगळं चांगलं चाललं होतं, आणि ते जितकं चांगलं चालत होतं तितकं वाल्मिकला घरात बसवत नव्हतं. मशीनमधून लाल, हिरवं कापड गरगर फिरताना तो काचेतून बघत उभा राहायचा. कोणाला सांगावं? आईला सांगितलं तर ती चंचललाच दोष देईल. चंचलला सांगितलं तर... तिथे त्याचा विचार पुढे जातच नसे.

गोळ्या आणायला गेला तेव्हा त्याने सुवर्णाबेनसमोर आडून विषय काढला.

"मॅडम, माझा एक मित्र आहे. त्याची बायको पोटुशी आहे. तिला माहीत नाही."

सुवर्णाबेननी लिहिणं थांबवलं. "तुमच्या मित्राच्या बायकोला कितवा महिना?"

"सातवा सरत आला."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वाल्मिकभाऊ, मित्राला सांगा, अजून वेळ आहे. तिला लागण झाली असली तरी आजपासून गोळ्या सुरू केल्या तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. बाळंतपणानंतर बाळालाही औषध देतात. पण हे सगळं कधी? तिचं रक्त तपासलं तर."

"तिला न सांगता तपासता येईल का? दुसऱ्याच कशाच्या नावाखाली?"

"मी नाही करणार. तिचं रक्त आहे, तिला विचारूनच काढायचं. तुम्ही तिला इथे आणा. शब्द फुटत नसतील तर मी बोलेन, तुम्ही फक्त शेजारी बसा."

पण घरी जाऊन त्याने तिला आणलं नाही. त्याला वाटेत तिसराच मार्ग सुचला. दादा डॉक्टर देवमाणूस. ते आपल्याला पोरासारखं मानतात. त्यांना एकट्याने भेटून खरं सांगायचं. ते रक्त कमी आहे म्हणून चंचलचा रिपोर्ट काढतील, गोळ्या ताकदीच्या म्हणून देतील, आणि कोणाला काही न कळता पोर सुखरूप जन्माला येईल.

तो दुपारच्या वेळी गेला. दवाखाना रिकामा होता. दादा डॉक्टर पेपर वाचत होते. "अरे, ये ये. आमची बेटी कशी?"

वाल्मिकने सांगितलं. सांगताना तो टेबलावरच्या काचेखालच्या देवाच्या फोटोकडे बघत होता. बोलून झाल्यावर त्याने वर पाहिलं. दादा डॉक्टरांनी खुर्ची मागे भिंतीपर्यंत सरकवली होती.

"तिला मी दर महिने हात लावला," ते म्हणाले. "त्या खाटेवर निजवली. तिच्या हातचं खाल्लं."

"दादा, तसं होत नाही म्हणतात. हात लावून, खाऊन—"

"तू मला शिकवू नको!" ते उठून बेसिनपाशी गेले. साबण लावला, कोपरापर्यंत लावला, पाणी सोडलं, परत साबण लावला. रागापेक्षा भीतीच जास्त होती त्यांच्या पाठीत. "बीजी, दुसऱ्या बायका पण येतात माझ्याकडे. त्यांना समजलं तर दवाखाना बंद. तू आता तिला इथे नको आणू. सिव्हिलमध्ये जा, कुठे पण जा."

"तुम्ही नुसता रिपोर्ट—"

"जा, भाई."

त्याने चंचलला काही सांगितलं नाही. सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिला. ठरलेल्या दिवशी तो पाळीवर असताना ती सासूला घेऊन नेहमीसारखी दवाखान्यात गेली. कंपाउंडरने दोघींना पायरीवरच अडवलं. दादांनी तुमची केस सोडली आहे, म्हणाला. का? घरवाल्याला विचारा. आत बसलेल्या दादा डॉक्टरांना पडद्याच्या फटीतून चंचलने पाहिलं. त्यांनीही तिला पाहिलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी शोभाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "काय भांडन करं रे त्या देवमानूससंगे?" चंचलने ताट वाढलं, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. सकाळी ती पदर खोचून दारात उभी राहिली.

"चाला. फिराले जाऊत."

आवासात भिंतींना कान होते, म्हणून ते चालत अमरोलीच्या पुलावर गेले. खाली तापी संथ पसरली होती, मागून टेम्पो आणि बस धडधडत जात होत्या, पूल हलत होता. चंचलने एक हात कठड्यावर, एक हात पोटाखाली ठेवला.

"दादासनी माले काबर नही म्हनं?"

त्याने सांगितलं. टीबीपासून सुरुवात केली. मध्ये मध्ये गाड्यांच्या आवाजात त्याचे शब्द बुडायचे, मग ते परत म्हणावे लागायचे, आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते जास्त वाईट वाटायचे. चंचल नदीकडे बघत ऐकत होती.

"कव्हयपासून माहीत शे तुले?"

लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"तू गावले व्हती तव्हयपासून."

"म्हंजे माय माले वांझ म्हने, तव्हय बी माहीत व्हतं."

"हा."

"ती सिस्टर रक्त काढी राहिनी व्हती. तू हात धरीसन उठाडं माले. माले वाटनं, मना नवरा मनी काळजी करस."

तो तिच्या पायाला हात लावायला वाकला. "लोके देखतस," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. ती रडली नाही. बराच वेळ तिने पोटावरचा हात काढला नाही. मग पुढे कुठे जायचं ते विचारलं, "आते कथा जानं ते सांग."

सरकारी दवाखान्यात सुवर्णाबेन तिला एका तरुण डॉक्टरणीकडे घेऊन गेल्या. वाल्मिक आत यायला निघाला तर चंचल म्हणाली, "तुम्ही बाहेर बठा." लोकांसमोर ती परत 'तुम्ही' म्हणाली होती. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरणीने काय तपासणार, रिपोर्ट कसाही आला तर पुढे काय करणार, ते कोणाला सांगणार आणि कोणाला नाही, हे एकेक करून सांगितलं. सुवर्णाबेन ते अहिराणीत फोडून सांगत होत्या. शेवटी डॉक्टरणीने विचारलं, "काढू का रक्त? तुम्ही हो म्हणालात तरच."

आठवा महिना लागला होता, हा तिसरा दवाखाना होता, आणि हा प्रश्न चंचलला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं.

"काढा," ती म्हणाली. बाही तिने स्वतःच वर केली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पक्कं करायला आणखी दोन तपासण्या केल्या, त्याही तशाच आल्या. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या.

शोभाबाईंना सरकारी दवाखाना मुळीच पटला नाही. पहिलटकरणीला कोणी भिकाऱ्यासारखं तिथे नेतं का? दादा डॉक्टर काय मेला होता? वाल्मिक सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात चंचल मध्ये बोलली.

"दादाना हात कापतस आते, माय. म्हतारा हुई गया. त्यानीच आठे धाडं."

"आन् या गोया कसान्या?"

"रक्त वाढाना."

रात्रीची भांडी आवरताना तो तिच्याजवळ गेला. आईला खरं सांगून टाकतो, म्हणाला. माझं आहे, माझ्या डोक्यावर पडू दे.

"तुना डोकावर कसं पडी?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "माय गावमा सांगी. मना भाऊले समजी, मनी बहिननं लगीन मोडी. मंग या पोटमाधलाले कोन जवळ करी?" तिने कढई पालथी घातली. "तू इतला दिन एकला व्हता यामा. आते मी बी शे. बस."

बाळंतपणाला ती माहेरी गेली नाही. आईने फोनवर रडून घेतलं, भाऊ न्यायला आला, तिने त्याला काहीतरी सांगून परत पाठवलं. तिकडे गेलं तर गोळ्या कुठे ठेवणार आणि कोणाला काय सांगणार? सुरतेत तिला फारसं कोणी ओळखत नव्हतं, एवढाच त्या शहराचा तिला उपयोग होता.

मुलगी झाली. शोभाबाईंनी नाक मुरडलं आणि तासाभरात तिला मांडीवर घेऊन ओव्या म्हणायला लागल्या. बाळाला रोज औषध पाजायचं होतं. ते काम चंचल कोणाला करू देत नसे. वाल्मिक बाटली उघडून द्यायला पुढे व्हायचा, ती न बोलता बाटली त्याच्या हातून घ्यायची. जेवायला वाढायची, डबा भरून द्यायची, आईसमोर हसून बोलायची. गोळी घ्यायची वेळ झाली की त्याच्याकडे एकदा बघायची. तो घेतोय ना, एवढंच ती बघायची.

सहा आठवड्यांनी बाळाचं रक्त तपासायला दिलं, आणि पुढे एका सकाळी रिपोर्ट घ्यायला बोलावलं. दोघं बाकावर बसले. नाव पुकारलं तसा वाल्मिक उठला.

"तुम्ही बठा," चंचल म्हणाली, आणि मुलीला घेऊन आत गेली.

दार बंद झालं. बाकावर त्याच्या शेजारी एक माणूस शेंगदाणे खात होता, त्याने वाल्मिकपुढे पुडी धरली. वाल्मिकने एक दाणा घेतला आणि मुठीत तसाच धरून ठेवला. आपण मुलीसाठी देवाला काय बोलावं हेही त्याला सुचेना. देवापुढे उभं राहून तो काय सांगणार होता?

दार उघडलं. चंचल बाहेर आली, सरळ चालत त्याच्यापर्यंत आली.

"पोरले काही नही," ती म्हणाली.

"नक्की?"

"आते नही. अजून तपासतीन, दीड वरीसनी हुई तवलोंग. पन मॅडमनी सांगं, चांगलं शे."

त्याचा चेहरा आक्रसला. तिथेच, माणसांत, तो तोंडावर रुमाल धरून रडला. चंचल उभी राहिली. त्याचं होईपर्यंत थांबली, जशी ती शोभाबाईंचं बोलून होईपर्यंत थांबायची. मग त्याने मुलीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"झोपेल शे ती," चंचल म्हणाली, टोपडं नीट केलं आणि चालायला लागली.

बसला गर्दी होती. चंचल पुढे बायकांच्या जागेवर बसली, तो मागे दांड्याला धरून उभा राहिला. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने वाकून बाळाकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. चंचलने तोडक्यामोडक्या गुजरातीत उत्तर दिलं आणि हसली. गेल्या कित्येक महिन्यांत वाल्मिकने तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. इंजिनच्या आवाजात दोघी काय बोलतात ते त्याला ऐकू येत नव्हतं.

पुढच्या थांब्यावर लोक उतरले. त्याच्याजवळची एक जागा रिकामी झाली. कंडक्टर म्हणाला, "बेसी जाव भाई." वाल्मिक बसला नाही. बसला असता तर चंचल आणि तिच्या मांडीवरची मुलगी दिसली नसती.